दप्तराची निंदणी



वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास म्हटला की लढाया, तह आणि किल्ले ओघानेच येतात. पानिपतावर ऐकावयाला मलाही आवडते. पण आज मी ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे ती कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. रात्री दोन-अडीचच्या सुमारास, आपण सारे झोपेत असताना, बँकांत, इस्पितळांत, कारखान्यांच्या कचेऱ्यांत संगणक जागे असतात, आणि आपल्याजवळच्या जुन्या हिशेबांच्या प्रती व जुन्या नोंदी ते स्वतःच नष्ट करीत असतात. त्या रात्री कुणी त्यांना तसे सांगितलेले नसते. कधी तरी एकदा कुणी सांगून ठेवलेले असते, आणि तो सांगणारा बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो.

ह्या विषयाकडे मी पुस्तकांतून आलो नाही. माझे शिक्षण बेताचे. जे काही वाचले ते युनियनच्या कामासाठी, गरज पडली तसे वाचले. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेसंबंधी एक निकाल दिला. योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. तिच्यात पेन्शनची वर्गणी खऱ्या पगारावर न धरता एका मर्यादेपर्यंतच धरीत. ही मर्यादा प्रथम ५,००० रुपये होती, २००१ साली ६,५०० झाली आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. ज्यांचा भविष्यनिर्वाह निधी खऱ्या पगारावर कापला जात होता, त्यांच्यापैकी पुष्कळांना ह्या निकालामुळे खऱ्या पगारावरच्या पेन्शनसाठी अर्ज करता येऊ लागला. मात्र मालकाने महिन्यामहिन्याचा पगार भरून द्यावयाचा होता, आणि तोही मागच्या सगळ्या वर्षांचा.

आमच्या भागातल्या एका कारखान्यातून २०१९ साली निवृत्त झालेले एक फिटर ह्या कामासाठी माझ्याकडे आले. त्यांच्याबरोबर मी कचेरीत गेलो. १९९५ ते २००० ची पगाराची रजिस्टरे गोदामात सापडली. कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, पण आकडे वाचता येत होते. २०१२ पासून पुढचे सगळे संगणकात होते. मधली अकरा वर्षे मात्र कुठेच नव्हती. ती वर्षे पहिल्या संगणकावर लिहिली गेली होती. नवी प्रणाली आली तेव्हा जुने पगार तिच्यात चढविले नाहीत, त्यांच्या प्रती तेवढ्या बाजूला ठेवल्या, आणि त्या प्रतींना वयाची मर्यादा लावून दिली. वय भरले, प्रती गेल्या.

कचेरीतला मुलगा तरुण आणि सालस होता. तो म्हणाला, "काका, ते कुणी काढलं असं नाही. ते आपोआप जातं."

बाहेर आल्यावर फिटर मला म्हणाले, "भाऊ, आपोआप म्हणजे कोण?"

त्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे दोन वर्षे जमेल तेव्हा मी त्याच्या मागे लागलो; जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. संगणकाचे नाव काढले की आपल्यापैकी माझ्या वयाचे लोक जरा मागे सरकून बसतात, तसे करण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या पेढ्यांवर दोन वह्या असत. एक रोजकीर्द, तिच्यात दिवसभरात जे घडले ते घडले त्याच क्रमाने लिहावयाचे. दुसरी खतावणी, तिच्यात प्रत्येकाचे खाते वेगळे, आणि आज कुणाकडे किती निघते ते तिथे पहावयाचे. ज्याला डेटाबेस म्हणतात ती संगणकाची खतावणी, आणि ज्याला लॉग म्हणतात ती त्याची कीर्द. १९७० च्या दशकात आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' नावाची प्रणाली बांधली गेली. जिम ग्रे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी तेव्हा जे नियम बसविले त्यांतला एक असा की, आधी कीर्द लिहावी, मग खतावणीला हात लावावा. मध्येच वीज गेली तर कीर्द वाचून खतावणी पुन्हा उभी करता येते. आमच्या मारवाडी पेढीवरच्या मुनिमाला हे कुणी शिकविले नव्हते आणि तो हेच करीत होता, पण ते असो.

आता समजा, खतावणीच जळाली. म्हणून अधूनमधून सबंध खतावणीची एक नक्कल करून दुसरीकडे ठेवतात, तो बॅकअप. रविवारची नक्कल हाती असली आणि रविवारनंतरच्या कीर्दीही हाती असल्या, तर गुरुवारी जळालेली खतावणी गुरुवारपर्यंत जशीच्या तशी उभी करता येते. कीर्दी नसल्या तर रविवारवरच थांबावे लागते. आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. खतावणीत शेवटचा आकडा दिसतो. तो आधी काय होता आणि केव्हा बदलला, हे कीर्दीत राहते. कुणाच्या हजेरीचे दिवस मागाहून २६ चे २३ झाले असतील, तर खतावणी २३ च दाखवील.

तर मग हे सगळे ठेवूनच का देत नाहीत? कारण ठेवता येत नाही. मोठ्या कारखान्याची कीर्द दिवसाला हजारो पानांची होते. ओरॅकल ह्या प्रसिद्ध प्रणालीत जुन्या कीर्दी साठविण्याची जागा भरली की खतावणीचे कामच थांबते. जागा मोकळी होईपर्यंत ती एकही नवी नोंद घेत नाही. पगाराच्या दिवशी असे झालेले मी एका ठिकाणी पाहिले आहे. तेव्हा नष्ट करणे हा काही मालकलोकांचा कावा नव्हे. ज्याला दप्तर ठेवावयाचे आहे, त्याला दप्तर निंदावेही लागते.

'निंदणे' हा शब्द मी शेतातून आणलेला नाही. आपल्या सरकारी कचेऱ्यांत जुने कागद काढून टाकण्याला अभिलेखांचे निंदणीकरणच म्हणतात. तण काढावे तसे कागद काढावयाचे, ही कल्पना. पण शेतात तण कोणते आणि पीक कोणते ते दिसते. दप्तरात ते पन्नास वर्षांनी कळते.

ह्याचे मोठे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. १८१८ त पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती आले. ते त्यांनी जाळले नाही. इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे, हे त्या कागदांवरून तपासावयाचे होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि ज्या घराण्यांना आपला हक्क कागदाने शाबीत करता आला नाही त्यांची इनामे गेली. म्हणजे ज्या दप्तराने सरकारचा वसूल वाढत होता ते दप्तर टिकले. आपल्या संशोधकांना त्याच्या दारात पुष्कळ वर्षे उभे राहावे लागले. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापून काढले, तेव्हा वसुलासाठी राखलेले रुमाल इतिहासाच्या कामी आले. उलट, वाड्यांतून आणि माळ्यांवर जे कागद पडून होते, ज्यांचा कुणाला काही उपयोग उरला नव्हता, त्यांच्यासाठी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करीत हिंडले. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ चा. ते पोचण्यापूर्वी जे चुलीत गेले असेल त्याचा हिशेब कुणाला करता येणार?

कागद कोणी राखावयाचे आणि किती दिवस, हे ज्याला त्या कागदाची गरज असते तो ठरवितो. सरकारला जमिनीचा कागद हवा, म्हणून तो कायमचा. कामगाराला पगाराचा कागद हवा; पण पगाराचे रजिस्टर कामगाराच्या ताब्यात नसते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात पुढे एक कलम घातले गेले, त्यानुसार मालकाने ती रजिस्टरे शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षे ठेवली की त्याचे कर्तव्य संपे. तीस वर्षे नोकरी करणाऱ्याच्या आयुष्याला तीन वर्षांचे दप्तर.

इंग्रजी अमलात कागद वाढले तसे ते नष्ट करण्याचे कायदेही आले. १८७९ साली अभिलेख नष्ट करण्याचा एक कायदा झाला, त्याच्या जागी १९१७ चा आला. उच्च न्यायालयांनी आणि महसुली अधिकाऱ्यांनी नियम करावेत आणि निरुपयोगी कागद त्या नियमांप्रमाणे नष्ट करावेत, असा त्यांचा रोख. आपल्या महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत जी पद्धत पुढे रुळली ती आपल्यापैकी सरकारी नोकरी केलेल्यांना तोंडपाठ असेल: अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षांचा, क वर्ग १० वर्षांचा, क-१ पाच वर्षांचा आणि ड वर्ग एका वर्षाचा. कारकुनाच्या टेबलावरच्या सहा गठ्ठ्यांतला एक गठ्ठा ह्या ड वर्गाचा, म्हणजे मरावयाच्या कागदांचा. ह्या पद्धतीची आपण थट्टा करतो. पण २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली गेली, तेव्हा तहसिलांतले जुने रुमाल सोडावे लागले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. कुणाच्या तरी आजोबाने त्या कागदावर अ लिहिला होता म्हणून तो वाचला.

१९९३ साली संसदेने सार्वजनिक अभिलेखांचा कायदा केला, आणि त्याखालचे नियम १९९७ साली झाले. १८९२ पूर्वीचा कागद, तो वाचण्याच्या पलीकडे खराब झालेला नसेल तर, नष्ट करावयाचा नाही. पंचवीस वर्षांहून जुना कागद तज्ज्ञाने पारखल्यावाचून नष्ट करावयाचा नाही. ही दोन्ही कलमे चांगलीच आहेत. पण मला सर्वांत आवडला तो एक साधा नियम, जो वकीलमंडळी बहुधा ओलांडून पुढे जातात. तो असा की, जे कागद नष्ट करावयाचे त्यांची यादी करावी, आणि ती यादी कायमची जपून ठेवावी. कागद जाळावा किंवा त्याच्या चिंध्या कराव्यात, अधिकाऱ्यासमोर. यादी मात्र जाळू नये. मेलेल्याचे नाव राहते. उद्या कुणी विचारले तर, 'होते, अमुक दिवशी ह्यांच्या सहीने गेले', एवढे तरी सांगता येते.

आता संगणकाकडे परत येऊ. आरंभी, म्हणजे १९५० च्या दशकात, संगणकाचे दप्तर चुंबकीय फितीवर असे. फीत महाग. त्यामुळे जुनी नक्कल पुसून तिच्याच फितीवर नवी घेणे हे साहजिकच झाले. तीन फिती ठेवीत: आजची म्हणजे मुलगा, तिच्या आधीची बाप आणि त्याच्याही आधीची आजा. नवा मुलगा जन्मला की आजाची फीत पुसून तिच्यावर त्याला लिहावयाचे. इंग्रजीत ह्या पद्धतीला आजा-बाप-मुलगा असेच नाव आहे. पणजोबाला तिच्यात जागाच नाही. फितीच्या काटकसरीने काय होऊ शकते ते पहावयाचे असेल तर अमेरिकेच्या नासाकडे पहा. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या क्षणाचे चित्र ज्या मूळ फितींवर आले होते त्या १९८० च्या दशकाच्या आरंभी बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे नासाला २००९ साली सांगावे लागले. कुणी शत्रूने हे केले नाही. फिती कमी पडत होत्या.

तरीही फीत पुसणारा एक माणूस होता. त्याला कपाटापर्यंत जावे लागे, पेटीवरची चिठ्ठी वाचावी लागे. मनात शंका आली तर तो थांबू शकत होता. पुढे हे काम युनिक्स प्रणालीतल्या 'क्रॉन' नावाच्या रखवालदाराकडे आले. नाव कालवाचक ग्रीक शब्दावरून घेतलेले. त्याला एकदा सांगावयाचे: रोज रात्री दोन वाजता सात दिवसांहून जुन्या प्रती काढून टाक. तो तेवढेच करतो, आणि न चुकता करतो. पण पहा: नवी प्रत होतच नसेल तर? नकला घेणारे यंत्र सोमवारी बिघडले आणि कुणाच्या ध्यानात आले नाही, तर क्रॉन मंगळवारी एक जुनी प्रत काढील, बुधवारी दुसरी, आणि आठवड्याच्या शेवटी कपाट रिकामे. त्याने नियम मोडलेला नसतो.

हे लक्षात आल्यावर प्रणाली करणाऱ्यांनी नष्ट करण्याचा नियम प्रणालीच्या पोटातच घातला. आय.बी.एम.च्या डीबी-टू ह्या प्रणालीत २००७ च्या ९.५ ह्या आवृत्तीपासून अशी एक कळ आहे. तिचे नियम पाहिले की करणाऱ्यांनी विचार केला होता हे मान्य करावे लागते. किती प्रती राखावयाच्या तो आकडा मुळात १२ ठेवलेला. त्यांचा इतिहास किती दिवस ठेवावयाचा तो ३६६ दिवस, म्हणजे वर्ष आणि वर एक दिवस. नवी संपूर्ण प्रत यशस्वीपणे झाल्यावरच जुनीला हात लागतो; नवी झाली नाही तर जुनी जागेवरच. आणि ही कळ विकत देताना बंद असते, ज्याला हवी त्याने ती हाताने चालू करावी. तेव्हा, आपोआप म्हणजे कोण? ज्याने ती कळ चालू केली तो, आणि ज्याने १२ आणि ३६६ चे आकडे पाहिले, किंवा न पाहता तसेच ठेवले, तो.

पण ह्याच प्रणालीत एक गोष्ट अशी आहे की ती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. घेतलेल्या सर्व प्रतींची एक यादी ती ठेवते. आय.बी.एम.ने त्या यादीला नावच 'हिस्टरी फाइल' असे दिले आहे, आणि ती कमी करण्याच्या आज्ञेत झाडे छाटण्याचा शब्द वापरला आहे. आपण निंदतो, ते छाटतात. ती कळ चालू असली म्हणजे जुनी प्रत जाते, तिच्या जुन्या कीर्दी जातात, आणि त्यांच्याबरोबर यादीतली त्यांची ओळही जाते. १९९७ च्या आपल्या नियमात वस्तू जाते आणि नाव राहते. इथे दोन्ही जातात. ती प्रत कधी होती, हेच मग कुठे लिहिलेले राहत नाही.

ह्या सगळ्यावर एवढा विश्वास टाकावा का, ह्याचे उत्तर २०१७ साली एका मोठ्या कंपनीने स्वतःच जगाला दिले. गिटलॅब ही कंपनी हजारो प्रोग्रामरांचे काम सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका अभियंत्याने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या यंत्रावर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० जी.बी.च्या खतावणीतले साडेचार उरले. मग प्रती शोधू लागले तर रोजच्या म्हणून ज्या प्रती होत होत्या त्या होतच नव्हत्या. नक्कल करणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता, तो दररोज अपयशी होत होता, आणि अपयशाची पत्रे पोस्टातच अडत होती. सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी सहज घेतलेली एक प्रत होती म्हणून कंपनी वाचली. त्यांनी चूक लपविली नाही आणि त्या माणसावर खापर फोडले नाही, ह्याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते. आमच्याकडे त्याला चार्जशीट मिळाले असते.

चूक ही एक गोष्ट. पण 'आपोआप' ह्या शब्दामागे लपताही येते. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉन कंपनीचे दिवाळे वाजण्याच्या बेतात होते. एन्रॉन आपल्या लोकांना दाभोळमुळे चांगलीच ठाऊक आहे. तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही जगातल्या मोठ्या संस्थांपैकी एक. चौकशी दारात आली असताना अँडरसनच्या वकिलाने आपल्या माणसांना पत्र लिहून संस्थेच्या कागद राखण्याच्या धोरणाची आठवण करून दिली. त्या आठवणीपाठोपाठ कागदांच्या गाड्याच्या गाड्या यंत्रात घालून चिंध्या झाल्या आणि संगणकातली पत्रे पुसली गेली. राखण्याचे धोरण म्हणजे कोणत्या दिवसापासून राखू नये ह्याचे धोरण, हे तेव्हा सर्वांना कळले. जून २००२ मध्ये संस्था दोषी ठरली. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, कारण ज्यूरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या. तोवर संस्था मोडली होती आणि हजारो साध्या नोकरांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, ज्यांनी एक कागद फाडला नव्हता.

कामगाराच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाचा खटला न्यूयॉर्कचा. लॉरा झुबुलेक ह्या यू.बी.एस. वॉरबर्ग ह्या बँकेत नोकरीला होत्या. स्त्री म्हणून आपल्याला डावलले, आणि तक्रार केल्यावर काढून टाकले, असा त्यांचा दावा. पुरावा वरिष्ठांच्या आपसातल्या पत्रांत होता आणि ती पत्रे पुसली गेली होती. पण बॅकअपच्या फिती होत्या. बँक म्हणाली, त्या वाचावयाला फार खर्च येतो. न्यायाधीश शिरा शाइंडलिन ह्यांनी सांगितले, फिर्यादीने कोणत्याही पाच फिती निवडाव्यात आणि बँकेने त्या वाचून दाखवाव्यात. पाच फितींत कामाची सुमारे ६०० पत्रे निघाली. मग बाकीच्या फितींचा खर्च त्यांनी वाटून दिला, तीन हिस्से बँकेने आणि एक हिस्सा बाईंनी. आणि पुढे असे आढळले की काही फिती नाहीतच. तेव्हा २००३ आणि २००४ च्या निकालांत न्यायाधीशांनी जे लिहिले ते पुढे अमेरिकेत सर्वत्र मानले गेले: खटला होणार असे दिसू लागले की नेहमीची निंदणी त्याच दिवशी थांबविली पाहिजे, आणि ती खरोखर थांबली की नाही हे वकिलाने जाऊन पाहिले पाहिजे. नाहीशी झालेली पत्रे बँकेच्या विरुद्ध जाणारी होती असे धरण्याची मुभा ज्यूरीला मिळाली. एप्रिल २००५ मध्ये ज्यूरीने बाईंना सुमारे २ कोटी ९३ लाख डॉलर देवविले.

आपल्याकडे हे तत्त्व नवीन नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ११४ व्या कलमात ते होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आले आहे: जो हाती असलेला पुरावा दडवून ठेवतो, त्याच्याविरुद्ध तो पुरावा जाईल असे न्यायालयाला मानता येते. कायद्यात नाही तो रात्रीचा दोनचा रखवालदार. त्याला कोणी थांबवावयाचे, हे लिहावे लागेल.

इथे श्रोत्यांपैकी कुणी म्हणेल, मग सगळेच कायमचे ठेवा अशी मागणी करा. मी ती करणार नाही, आणि त्याचे कारण आम्सटरडॅमला आहे. हॉलंडमध्ये प्रत्येक रहिवाशाची नोंद फार व्यवस्थित होती, धर्मासकट. नाझी आले आणि त्यांना ज्यू शोधावयाला फार कष्ट पडले नाहीत. दप्तर तयार होते. २७ मार्च १९४३ च्या रात्री विलेम आरोंडेउस आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेषात नोंदणी कचेरीत शिरले आणि त्यांनी तिला आग लावली. सारी पत्रे जळली नाहीत, थोडीच जळली. १ जुलै रोजी बारा जणांना गोळ्या घातल्या. त्यांच्यात चित्रकार होते, कारागीर होते. चांगल्या राज्यात निरुपद्रवी म्हणून ठेवलेला कागद वाईट राज्यात कोणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही. युनियनवाल्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. काळ्या याद्याही कुठल्या तरी जुन्या दप्तरांतूनच तयार होतात. म्हणून काम संपलेली खाजगी माहिती पुसावी, हे जे तत्त्व २०२३ च्या आपल्या माहिती-संरक्षणाच्या कायद्यात आले आहे ते मला मान्य आहे. काम संपले की नाही हे मालकाने एकट्याने ठरवावे, हे मान्य नाही. पेन्शनच्या कामाला माणूस निवृत्त झाल्यावर आरंभ होतो.

सरकारने वय ठरविले आहे, नाही असे नाही. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशाने संगणकांच्या लॉगना निदान १८० दिवसांचे आयुष्य मिळाले, ते सायबर हल्ल्यांच्या तपासासाठी. चोर सहा महिन्यांत सापडावा ही अपेक्षा रास्तच आहे. पण कापडाच्या धुळीने, अस्बेस्टॉसच्या कणांनी जडणारे आजार वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी वर येतात. कोणत्या खात्यात कोण किती वर्षे उभा होता, हे तेव्हा हजेरीच्या दप्तरातच पहावे लागते.

फिटरांचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. अकरा वर्षांचे १३२ महिने. त्यांच्या पत्नीने पगाराच्या चिठ्ठ्या एका पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली ठेवल्या होत्या. त्यांतून ९४ महिने निघाले. उरलेल्या ३८ महिन्यांसाठी भविष्यनिर्वाह निधीच्या वार्षिक स्लिपा काढल्या आणि वर्गणीच्या आकड्यावरून पगार उलटा काढला. तसा अर्ज गेला.

त्यानंतरच्या वेतनकराराच्या वेळी आम्ही एक जादा कलम मागितले. पगार आणि हजेरी ह्यांच्या कोणत्याही जुन्या प्रती नष्ट होण्यापूर्वी त्यांची यादी निघावी, तिच्यावर एका माणसाची सही असावी, तीस दिवस ती युनियनच्या हाती असावी, आणि कुणाचा दावा चालू असेल तर त्या ओळीपुरते काम थांबावे. व्यवस्थापक म्हणाले, "एवढंच? आम्हाला वाटलं बोनस मागता." संगणक खात्याच्या त्याच मुलाने कळ बंद केली आणि यादी काढणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहिली यादी मागच्या दिवाळीच्या आधी आली, चार पानांची. शेवटच्या पानावर सहीच्या जागी त्याने आपले पूर्ण नाव लिहिले होते, वडिलांच्या नावासकट.